सदतीस पाट्यांची राखण

उदगीरहून मुंबईच्या गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ तीन गोष्टी होत्या. धपाट्यांचा डबा, लाखेची कांडी आणि चौदा निवडणुकांचा अनुभव. पहिल्या दोन पिशवीत होत्या. तिसरी माझ्या चालण्याबोलण्यात दिसते असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

त्याचं असं झालं. माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली लग्नानंतर मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात राहते आणि घरकामगार बायकांच्या एका संस्थेत काम करते. तिचा फोन आला. "बाई, आम्ही पाच संस्थांनी मिळून एक आघाडी केलीय. ज्यांची नावं मतदार यादीत नाहीत, ज्यांना कोणी विचारत नाही, अशांची नोंदणी करतोय. तुम्ही इतक्या वेळा केंद्राध्यक्ष होतात. या ना चार दिवस, बायकांकडून मतदानाची रंगीत तालीम करून घ्या."

केंद्राध्यक्ष हा शब्द कोणी आदरानं उच्चारला की मला नाही म्हणवत नाही. आमचे हे म्हणाले, "घरात कुणी ऐकत नाही म्हणून एवढ्या लांबची माणसं शोधलीस होय!" मी धपाटी मोजून बांधली आणि निघाले.

पहाटे गाडीनं काशिमिऱ्याच्या नाक्यावर उतरवलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "पेणकरपाडा कशाला जाताय, मावशी? पाहुणे?"

"नाही, आघाडीच्या कामाला."

त्यानं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणती आघाडी? पार्टी कुठली?"

"पार्टी नाही. संस्थांची आघाडी आहे. लोकांनी मत द्यावं म्हणून."

"कोणाला?"

"कोणालाही."

"मग तुम्हाला काय फायदा?" उतरेपर्यंत तो आरशातून माझ्याकडे संशयानं बघत होता.

पेणकरपाडा एके काळी छोटा पाडा होता म्हणे. आता चार कौलारू घरं इमारतींच्या मध्ये अंग चोरून बसलेली आहेत. वैशालीच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट शेजारणीच्या ओट्यावर उघडते. मी चहाचा पहिला घोट घेतला तोच पलीकडून आवाज आला, "साखर कमी पडली असेल तर सांगा हां, पाहुण्या." उदगीरला आमच्या घराभोवती केवढं अंगण आहे, पण असं कोणी विचारत नाही.

दुपारी आघाडीची बैठक झाली. पाच संस्थांची पाच माणसं, एक सतरंजी आणि भिंतीवर लावलेला एक मोठा फलक. फलकावर खाली सगळा मजकूर होता, वरची जागा मात्र कोरी.

"इथे काय येणार?" मी विचारलं.

"आघाडीचं नाव," वैशाली म्हणाली. "दोन महिने झाले. पाच जणांनी पाच नावं सुचवली. मग आम्ही मतदान घेतलं."

"आणि?"

"प्रत्येकाला एक एक मत पडलं, बाई."

लोकांना मतदान शिकवायला निघालेली ही माणसं! पण मी गप्प बसले, कारण सहावं नाव माझ्याही मनात तयार होतं.

रंगीत तालमीची कल्पना मात्र झकास होती. खऱ्या पक्षांची चिन्हं तर घेता येत नाहीत. म्हणून कोळी आणि ख्रिस्ती वस्ती असलेल्या तारोडी गावासाठी उमेदवार मासे : बोंबील, पापलेट, सुरमई, कोलंबी. गोडदेवच्या एका शाकाहारी सोसायटीत काम करणाऱ्या बायका आणि वॉचमन यांच्यासाठी उमेदवार भाज्या : दुधी, कारलं, भेंडी, वांगं. मतपत्रिका छापून आल्या होत्या, दोन सारखीच खोकी होती. बांधायचं काम मी मागून घेतलं. सुतळीच्या चार गाठी, वर लाख, लाखेवर माझ्या अंगठीचा ठसा, खाली सही.

"सील मतदानाच्या जागी, सर्वांसमक्ष फुटेल. आधी कोणी हात लावायचा नाही," मी बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी खोक्यांवर गावांची नावं लिहिली.

शुक्रवारी सकाळी गोडदेव. जुनं गाव आहे म्हणतात, पण दोन इमारतींमधून वर बघितलं तर आभाळाची नुसती फीत दिसते. सोसायटीचे सेक्रेटरी रमणिकभाई, साठीचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आमची वाट बघत उभे होते. पार्किंगमध्ये त्यांनी स्वतः टेबल मांडलं होतं, वर फुलदाणी. चाळीसेक बायका आणि वॉचमन जमले. मी चौदा निवडणुकांच्या रुबाबात सील फोडलं, पहिली मतपत्रिका उंच धरली, आणि रमणिकभाईंचा चेहरा उतरला.

पापलेट चौकटीतून थेट त्यांच्याकडे बघत होता.

"बेन," ते हळूच म्हणाले, "आमच्या सोसायटीत कांदासुद्धा लपून येतो. तुम्ही पापलेट आणला?"

"नुसतं चित्र आहे हो, रमणिकभाई."

"चित्राला पण डोळे आहेत ना!"

दुसरं खोकं एव्हाना तारोडीला पोचलं होतं. चूक कुणाची हे सांगायला नको, खोक्यांवर अक्षर माझंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काही बोलणार तोच बायकांची रांग लागलीसुद्धा. त्यांना मासे बेहद्द आवडले. एकीनं पापलेटाची बाजू घेतली तर दुसरी उसळली, "पापलेट निवडून येऊन आपल्या ताटात येणारय का? बोंबलाला दे, तो आपला!" दहा मिनिटांत पार्किंगमध्ये दोन तट पडले.

रमणिकभाईंनी शेवटी मधला मार्ग काढला. 'यापैकी कोणीही नाही' असा रकाना हवा म्हणाले, आणि पट्टी-पेन्सिल घेऊन उरलेल्या सगळ्या मतपत्रिकांवर तो स्वतः आखत बसले. मोजणीत बोंबील प्रचंड बहुमतानं आला. त्या रकान्यात तीन मतं निघाली.

"एक माझं," रमणिकभाई म्हणाले. "बाकीची दोन कुणाची?"

"ते विचारायचं नसतं. मतदान गुप्त असतं."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे माझं पण मी सांगायला नको होतं?"

मला हा माणूस तिथेच आवडला.

दुपारी वैशाली आणि मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसमध्ये बसलो. इमारती संपल्या, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि तिवरांची हिरवी दाटी लागली, मग रस्ता वळणं घेत चढला आणि एका वळणावर एकदम समुद्र दिसला. मी लातूर जिल्ह्यातली बाई, मला एवढं पाणी एका जागी बघायची सवय नाही. पाठोपाठ बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. आमच्या घरात अंडंही येत नाही. मी पदर नाकाला लावला. शेजारच्या बाईनं ते पाहिलं, आणि स्वतःच्या मांडीवरची पिशवी मुकाट्यानं पलीकडे सरकवली. मला अवघडल्यासारखं झालं, पण पदर काही मी काढला नाही.

तारोडीत गल्लीच्या तोंडाशी एक पांढरा क्रूस आहे, त्याच्यासमोर आमचं टेबल होतं. आता खोक्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी सर्वांसमक्ष सील फोडावंच लागलं. बायका वाकून बघायला लागल्या.

"दुधी उभा हाय?" समोरच्या ओटीवरून आवाज आला. सत्तरीची, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक बाई मासे कापायचा कोयता पायाखाली धरून बसली होती. "दुधी कवा उभा राहिला गो? तो तं लोंबतो!"

सगळी गल्ली हसली. ती मात्र जागची हलली नाही.

"फिलोमिना मावशी," वैशाली कुजबुजली. "उत्तनच्या बंदरावरून मासळी घेऊन भाईंदरला विकते. या गल्लीतल्या छत्तीस बायका तिच्याबरोबर जातात. सगळ्यांची नावं यादीतून गळलीत. रविवारी मुदत संपते. ती फॉर्म भरेल तर सगळ्या भरतील. ती म्हणते, भरणार नाही."

"का?"

"सांगत नाही. तीन वेळा विचारलं."

त्या दिवशी दुध्याला दोन मतं पडली, तीही शेजारून चाललेल्या पोस्टमननं आणि वैशालीनं दिलेली. फॉर्म एकही भरला गेला नाही. परतीच्या बसमध्ये वैशाली खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, "बाई, मागच्या वेळी यांच्या गल्लीत नळाचं काम आलं होतं, पण नगरसेवक म्हणाला, इथे मतंच नाहीत. ते पुढच्या आळीत गेलं. परत तेच होणार." चौथीत पाढे चुकले की ती अशीच खिडकीबाहेर बघायची. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही.

शनिवारी सकाळी मी एकटीच तारोडीला गेले. फिलोमिना मावशी ओटीवरच होती. ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही, म्हणून मी बसले. मग डबा उघडला.

"त्यात मासली हाय?" तिनं विचारलं.

"नाही. ज्वारी, लसूण, तीळ."

तिनं एक धपाटं मोडून खाल्लं. "सुका हाय, पन बरा हाय." मग आत जाऊन माझ्यासाठी तांदळाची हातभाकरी आणि कैरीचं लोणचं घेऊन आली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या भाकरीनंतर ती आपणहून बोलायला लागली.

"साळंत मतदान व्हता. मना (मला) बाजारात जायाचा व्हता, म्हनून पाटी घेऊनच गेले. दारात बाई बसलेली, तुज्यासारखाच चष्मा. म्हनते, पाटी बायेर ठेव, वास येतो. ठेवली. मत दिला, बायेर आले, तं दोन मांजरी आनि एक कावला. सुरमईचा निस्ता (नुसता) डोका राहिलेला. सगली रांग हसत व्हती. मी घरी येऊन रडले. तवापासून न्हाय गेले. ज्याला माजी पाटी चालत न्हाय, त्याला माजा मत कशाला पायजे?"

मी ताटली बाजूला सारली. कारण मला मेथी आठवली. जळकोटकडच्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होते. एक बाई मेथीची टोपली डोक्यावर घेऊन आली. मी म्हटलं, "टोपली बाहेर, नियम आहे." असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. ती मत देऊन बाहेर आली तोवर शेळीनं टोपली रिकामी केली होती. आम्ही सगळे कर्मचारी पोट धरून हसलो. पुढे कित्येक वर्षं शिक्षकांच्या खोलीत मी तो किस्सा शेळीच्या आवाजासकट सांगितला. ती बाई पुन्हा मतदानाला आली की नाही, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

हे मी फिलोमिना मावशीला सगळं सांगितलं. सांगताना मला लाज वाटली, आणि ती माझ्या तोंडावर दिसली असणार.

ती मग उठली, गल्लीत उभी राहिली आणि बंदरापर्यंत जाईल अशी हाक मारली, "या गो सगल्या! पाटी बायेर ठेवनारी गावली!"

पाच मिनिटांत छत्तीस बायका जमल्या. मावशीनं क्रूसासमोरच राहिलेल्या कालच्या टेबलामागची खुर्ची घेतली, माझा चष्मा माझ्या नाकावरून काढून स्वतःच्या नाकावर ठेवला, आणि मला रांगेत उभं केलं. माझा नंबर आला.

"डबा बायेर ठेव. वास येतो."

"कसला वास?"

"लसनीचा. नियम हाय."

मी डबा क्रूसाच्या कट्ट्यावर ठेवला आणि मत द्यायला गेले. चष्म्याशिवाय दुधी कोणता आणि भेंडी कोणती कळेना, शिक्का कुठे पडला देव जाणे. परत आले तर डब्याचं झाकण खाली पडलेलं, एक कावळा आणि दोन कोंबड्या धपाट्यांवर तुटून पडलेल्या, आणि सगळी गल्ली खदखदून हसत होती.

डब्यात तशी पाचच धपाटी उरली होती. पण माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाच धपाट्यांसाठी! हसणाऱ्या तोंडांमध्ये रिकामा डबा हातात धरून उभं राहणं कसं असतं, ते मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

हसायची थांबली ती फिलोमिना मावशी पहिली. चष्मा पुसून तिनं माझ्या हातात दिला. "झाला. फिटला आपला. आन तो फारम."

मी फॉर्म पुढे केला. पेन टेकवलं आणि ती थबकली. "पन मतदानाच्या दिसाला माजी पाटी कोन राखील?"

"मी राखीन," मी म्हणून गेले.

तिनं सही केली. मागची बाई पुढे आली. "आनि माजी?"

"तुमचीपण."

"मंग माजी?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सूर्य माथ्यावर आला तेव्हा माझ्यापुढे सदतीस भरलेले फॉर्म होते, आणि सदतीस मासळीच्या पाट्या राखायचा शब्द मी देऊन बसले होते. संध्याकाळी वैशालीनं फॉर्म दोनदा मोजले आणि मला मिठी मारली. मग जरा मागे सरून म्हणाली, "मासे, बाई. तुम्ही. उदगीरहून परत येऊन?"

"ते नंतर बघू," मी म्हटलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच गाडीत बसले. या वेळी पिशवीत धपाटी नव्हती, काठी होती.

शाळेपासून नियमाइतकं लांब एक चिंचेचं झाड आहे, त्याखाली मी ठाण मांडलं. उन्हं वर यायच्या आत बायका बंदरावरून थेट आल्या आणि एकीमागून एक पाटी माझ्यापुढे ठेवत गेल्या. मी पदर नाकाला लावणार होते, पण मग काठी कोणत्या हातात धरायची? पदर राहिला. अर्ध्या तासानं वास जाणवेनासा झाला. मांजरी सात होत्या, कावळ्यांची गणती नाही. आघाडीची पाचही माणसं मदतीला आली होती आणि कोणी कुठल्या बाजूनं राखायचं यावर त्यांची चर्चा चालू होती. इतक्यात एक रिक्षा थांबली. नाकाला रुमाल, हातात छत्री, रमणिकभाई.

"आमचं मतदान सकाळी सातला झालं, बेन. कुणाला दिलं ते सांगणार नाही," ते अभिमानानं म्हणाले. "माशाला मी हात लावणार नाही. पण कावळा मी बघतो." आणि पुढचे दोन तास त्यांनी छत्रीनं जो किल्ला लढवला, त्याला तोड नाही.

एवढ्यात हवालदार आले. मतदानाचा दिवस, झाडाखाली मासळीच्या सदतीस पाट्या आणि भोवती माणसं, हे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय हो, इथे मतदारांना मासे वाटताय?"

"वाटत नाही, राखतोय," मी म्हटलं.

"कोण तुम्ही? पार्टी कुठली? संस्थेचं नाव सांगा." ते झाडाला टेकवलेल्या आमच्या फलकाकडे गेले. वरची जागा अजून कोरीच होती. "नावच नाही? मग हे सगळं उचलावं लागेल."

पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच तोंडं उघडली. आता पाच नावं निघणार आणि पाट्या पोलीस चौकीत जाणार! झाडापर्यंत आलेल्या रांगेतून फिलोमिना मावशी ओरडली, "लिव ना गो! पाटी राखन मंडल!"

वैशालीनं कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं. कोणीही हरकत घेतली नाही. इतक्या महिन्यांतला आघाडीचा तो पहिला एकमताचा निर्णय. हवालदारांनी नाव वाचलं, पाट्यांकडे पाहिलं, माझ्या काठीकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाले आणि निघून गेले.

फिलोमिना मावशी बाहेर आली ती बोट वर धरून. शाई ओली होती. ती कुणाशी बोलली नाही, सरळ पाटीपाशी येऊन बसली, वरचं केळीचं पान उचललं आणि एक एक मासा चाचपून पाहिला. माझी चौदा निवडणुकांत कधी इतकी तपासणी झाली नव्हती.

"सगली हाय," ती म्हणाली. मग एक छोटा बोंबील काढून तिनं मांजरीपुढे टाकला. "तीपन सकालपासून बसली हाय." पाटी डोक्यावर चढवता चढवता तिनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत कोंबलं. सुका जवळा होता. मी खात नाही हे तिला माहीत होतं. "खाऊ नको," ती म्हणाली, "पन घरी ने."

गाडीत शेजारच्या माणसानं दोनदा जागा बदलली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वाटभर विचार करत होते, की चौदा वेळा मी दारात बसले, याद्या तपासल्या, शाई लावली, सीलं केली, आणि आत येणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे हे एकदाही नीट पाहिलं नाही. जळकोटची ती बाई हयात असेल का, कोण जाणे. तिकडे जायला गाडी सकाळची आहे.

सकाळी घरी पोचले. ह्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहून हसले आणि लगेच नाक मुरडलं. "काय आणलंस गं? कसला वास येतोय! पिशवी बाहेर ठेव आधी."

आमच्या अंगणात शेजारचं मांजर बसलेलं होतं.

मी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, शेजारी पाट ओढला आणि बसले.

"तुम्ही चहा टाका," मी म्हटलं. "मला उठता येणार नाही."